शेजारच्या खणाचा दिवा

लोणावळ्यात काहीही बिघडलं की दोष हवेला देतात. दार बसेनासं झालं, पापड सादळले, इस्त्री हाताला झटका द्यायला लागली, सगळ्याचं कारण एकच, हवा दमट. पावसाळ्यात हे कारण इतकं बिनतोड असतं की पुढे कोणी चौकशीच करत नाही. लग्न होऊन इथे आल्यापासून मीही तेच करत आले. त्यामुळे मी आज ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे त्यात पहिला आरोप हवेवर आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. दुसरा आरोप मात्र एका माणसावर आला, आणि हवेसारखं त्या माणसालाही स्वतःची बाजू मांडता येईना.

माझी सगळी नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली. आमचं सॉफ्टवेअर कुणाच्या फोनमध्ये नसायचं, त्यामुळे नातेवाइकांना ते कधी दिसलं नाही आणि मी नेमकं काय करते हे त्यांना कधी कळलं नाही. बँका, रुग्णालयं, कारखाने यांची माहिती ज्या यंत्रांत साठवलेली असते त्या यंत्रांवर देखरेख करणारं ते सॉफ्टवेअर. यंत्र म्हणजे दिसायला लोखंडी कपाट. त्यात ओळीने खण आणि प्रत्येक खणात एक डिस्क. माहिती या सगळ्या डिस्कवर वाटून ठेवलेली असते, शिवाय वर थोडी जादाची, अशी की एखादी डिस्क मेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातलं सगळं पुन्हा काढता यावं. आमच्याकडे डोंगरावरच्या वाडीतून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणतात. झोळी धरणाऱ्यांपैकी एकाचा पाय घसरला तर बाकीचे तोलून धरतात. त्याच वेळी दुसऱ्याचाही घसरला तर आजारी माणूस जमिनीवर येतो. डिस्कचं अगदी तसंच असतं. एक गेली तर वापरणाऱ्याला कळतही नाही, पण तिच्या जागी नवी बसायच्या आत दुसरी गेली तर सगळं ठप्प.

आजारी डिस्क ओळखायची, तिचा नंबर पडद्यावर दाखवायचा आणि तिच्या खणावरचा पिवळा दिवा लावायचा, हे आमच्या सॉफ्टवेअरचं काम. हा दिवा डिस्क स्वतः लावत नाही, सॉफ्टवेअर सांगेल तो खण उजळतो. मग तिथला माणूस येतो, दिवा बघतो, ती डिस्क ओढून काढतो आणि नवी सरकवतो. त्यात अवघड काही नाही, चहा निवायच्या आत काम होतं.

ग्राहक नाना तऱ्हेचे भेटले. एका पतसंस्थेचे व्यवस्थापक संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लावताना या कपाटाचाही खटका बंद करून जायचे, घरचे दिवे मालवावेत तसे, आणि रोज सकाळी यंत्र रडतं म्हणून आम्हाला फोन करायचे. एका कारखान्यात यंत्राच्या खोलीत गारवा हवा म्हणून आम्ही आग्रहाने एसी बसवून घेतला. पुढच्या खेपेला बघते तर यंत्र बाहेर व्हरांड्यात आणि खोलीत साहेबांचं टेबल. असले किस्से सांगून मी लग्नकार्यांत पुष्कळ हशा मिळवला आहे. सलीमचा किस्सा मात्र मी तसा कधी सांगितला नाही.

पावसाळ्यातला शनिवार होता. सुट्टीचा दिवस. अनिरुद्धचा फोन आला. अनिरुद्ध माझा वरिष्ठ, वयाने माझ्याहून बराच लहान, कामाला चोख. लोणावळ्याच्या अलीकडे जुन्या रस्त्यावर एका ट्रस्टचं डोळ्यांचं रुग्णालय आहे, तिथलं आमचं यंत्र आदल्या दुपारी बंद पडलं होतं. रुग्णालयवाल्यांना आता फोनवरचा आवाज नको, समोर माणूस हवा होता. मी तिथून जवळच राहते हे त्याला आठवलं. प्रकरण काय ते त्याने थोडक्यात सांगितलं. आधी आमच्या मदत केंद्राला वाटलं होतं की दमट हवेने दोन डिस्क एकदम गेल्या. पण यंत्राच्या पोटात, आमच्या सॉफ्टवेअरपासून वेगळी, त्याची स्वतःची एक नोंद असते. ती वाचल्यावर कळलं की सातव्या खणातली डिस्क मेली होती आणि तिथल्या माणसाने सहाव्या खणातली चांगली डिस्क ओढून काढली. म्हणजे एक मेलेली आणि एक काढलेली, झोळी खाली. मदत केंद्राने कारणाच्या रकान्यात लिहून टाकलं होतं, मानवी चूक. काढलेली डिस्क परत बसवायची, यंत्राला ती स्वीकारायला लावायची, काम संपलं. अनिरुद्ध म्हणाला, जेवायला घरी याल.

रुग्णालयात पोचले तेव्हा व्हरांड्यात माणसं मावत नव्हती. शनिवारी पवन मावळातून, नाणे मावळातून मधुमेहाचे रुग्ण डोळे दाखवायला येतात. मधुमेहात डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू खराब होतो. डॉक्टर दर खेपेला त्या पडद्याचा फोटो काढतात आणि जुन्या फोटोशी ताडून बघतात. फरक किती पडला त्यावर लेझर करायचं की थांबायचं ते ठरतं. जुने फोटो सगळे आमच्या यंत्रात. बॅकअप होता, पण उन्हाळ्यानंतर तो घ्यायचा राहून गेला होता.

मुख्य डॉक्टर सरनाईक मॅडम एका म्हाताऱ्या बाईंना समजावत होत्या की आज नुसतं औषध देते, लेझरचं पुढच्या वेळी ठरवू. मावशींना ते पटत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून, मी कोण हे न विचारताच, गाऱ्हाणं मांडलं.

"मागल्या टायमाला फोटू काडलाय की माजा. हितंच बसून काडला. मग आता न्हाई म्हंजी गेला कुटं?"

डॉक्टर मला आत घेऊन गेल्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं की फोटो परत मिळतील का, तेवढंच सांगा. मी म्हटलं, मिळायला हवेत, काढलेली डिस्क चांगली आहे, ती फक्त परत बसवायची. मग त्या म्हणाल्या की सलीमकडून त्यांना ही अपेक्षा नव्हती. रागापेक्षा त्यात वाईट वाटणंच जास्त होतं. सकाळी त्यांनी त्याच्याकडून यंत्राच्या खोलीची किल्ली काढून घेतली होती.

सलीम मुलाणी म्हणजे त्या रुग्णालयाचं जनरेटर, वीज, संगणक, पाण्याची मोटर, सगळं बघणारा माणूस. लोणावळ्याच्या गावठाणातला. चाळिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा. यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. मी आल्यावर उठून उभा राहिला, पण आत आला नाही. डॉक्टरांनी खूण केली तेव्हा आला आणि दाराशीच थांबला.

मी त्याला काल काय घडलं ते विचारलं. त्याने सांगितलं की आमच्या कंपनीने त्याच आठवड्यात दूरवरून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली होती. काल दुपारी पडद्यावर इशारा आला, डिस्क सहा खराब. त्याने जाऊन पाहिलं, सहाव्या खणावर दिवा. नियमाप्रमाणे ती डिस्क काढली, कपाटातली राखीव नवी बसवली. क्षणभराने सगळे दिवे लागले आणि वर डॉक्टरांच्या खोलीत फोटो दिसेनासे झाले.

मी विचारलं, पडद्यावर सहा होता हे नक्की का.

तो म्हणाला, "ताई, काल नक्की होतं. रात्रभर सगळे सांगताहेत की सात होता. आता डोळे मिटले की मलाही सातच दिसतो."

माणूस खोटं बोलत असेल तर त्याचं सांगणं अधिक पक्कं होत जातं, हे मी इतक्या वर्षांत ग्राहकांकडून शिकले होते. याचं उलट होत चाललं होतं. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडत होता, आणि तेही डोळ्यांच्या रुग्णालयात.

पण आधी डिस्क. मी ती मागितली, तर ती तिथे नव्हती. खराब डिस्क परत पाठवायची आमचीच योजना होती. सलीमने डिस्क काढताच यंत्रणेने आपोआप कुरिअर बोलावलं होतं. खोकं काल संध्याकाळीच बांधून स्वागतकक्षात ठेवलेलं, सकाळी कुरिअरची गाडी आली, तिथल्या मुलीने रोजच्यासारखं ते देऊन टाकलं. यात कोणाची चूक म्हणायची? किल्ली काढून घेतल्यामुळे सलीमला त्या दिवशी कोणी काही विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ही एक डिस्क हरवली किंवा वाटेत आपटली तर उन्हाळ्यानंतरचे सगळे फोटो कायमचे गेले. मी कुरिअर कंपनीला फोन लावला तर तिकडे आपोआप उत्तर देणारं यंत्र. सलीमने माझ्या बोलण्याचा धागा पकडला आणि स्वतःच्या फोनवरून थेट गाडीच्या ड्रायव्हरला गाठलं. रोजचा येणारा, ओळखीचा. ड्रायव्हर म्हणाला की तो भुशीच्या रस्त्याला एका हॉटेलचं पार्सल उचलायला गेला आणि अडकला. पावसाळी शनिवार, धरणावर भिजायला आलेली सगळी मुंबई आणि सगळं पुणं त्या एका रस्त्यावर. गाडी ना पुढे ना मागे.

एरवी त्या गर्दीला आम्ही लोणावळेकर शिव्याच देतो. त्या दिवशी तिच्यामुळेच डिस्क गावात राहिली होती.

सलीमने डॉक्टरांकडे पाहिलं. जाऊ का, असं विचारण्याचीही त्याची हिंमत होत नव्हती. मी म्हटलं, हेच जातील, डिस्क कशी धरायची ते यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी मान डोलावली. तो स्कूटर घेऊन निघाला. पुढचं त्याने नंतर सांगितलं. अर्ध्या रस्त्यावर स्कूटरही चालेना, तेव्हा ती एका चहाच्या टपरीमागे लावून तो गाड्यांच्या मधून चालत गेला, कणसं विकणाऱ्यांना गाडीचा रंग सांगून विचारत. ड्रायव्हरने कागदाशिवाय खोकं द्यायला आधी नकार दिला. तेव्हा याने त्याला मावशींचं सांगितलं, ज्यांचा फोटो त्या खोक्यात होता. ड्रायव्हरची आई त्याच रुग्णालयात डोळे दाखवायची.

इकडे मी यंत्रासमोर एकटीच बसले होते. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून पडदा चाळत बसले. आणि पहिली डिस्क कोणती म्हणून बघितलं तर पडद्यावर पहिलीला नंबर होता शून्य.

इथे थोडं सांगायला हवं. संगणकवाले शून्यापासून मोजतात. इमारतीचा पहिला मजला कोणता, असं विचारलं की जो घोळ होतो, तळमजला धरायचा की सोडायचा, तोच घोळ. आमच्या नव्या यंत्रांवर खणांचे आकडे शून्यापासूनच छापलेले असतात. पण रुग्णालयातलं यंत्र जुनं होतं. त्याच्या खणांवर एक ते बारा आकडे होते. अशा जुन्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअरने आकड्यात एक मिळवून मगच तो दाखवायचा आणि मगच दिवा लावायचा असतो. पडद्यावर शून्य दिसतोय म्हणजे तो एक मिळवलेला नव्हता.

सॉफ्टवेअरमधून कोणत्याही खणाचा दिवा चाचणीपुरता लावता येतो, त्याने कशाला धक्का लागत नाही. मी पडद्यावरची शेवटची डिस्क निवडली आणि दिवा लाव म्हटलं. बाराव्या खणावर लागायला हवा होता. अकराव्यावर लागला. पहिली निवडली, कुठेच लागला नाही. शून्य नंबरचा खण त्या कपाटात नव्हताच.

म्हणजे सातवी डिस्क मेली तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरने पडद्यावर सहा लिहिलं आणि दिवाही शेजारच्या सहाव्याच खणावर लावला. पडदा आणि दिवा दोघांचं एकमत. सलीमने दोन्ही बघितलं, जुळलं, मगच हात घातला. माझ्यासकट कोणीही तेच केलं असतं.

सलीम आला तो रेनकोटच्या आत खोकं छातीशी धरून. स्वतः चिंब, खोकं कोरडं. डिस्क मी बसवली. ती यंत्राला स्वीकारायला लावणं नाजूक काम असतं. चुकीची आज्ञा दिली तर यंत्र तिला कोरी समजून पुसायला घेतं. दर पायरीला मी ती मोठ्याने वाचत होते, आणि सलीम दारातून पडद्यावरचं मला वाचून दाखवत होता. शेवटी वरून डॉक्टरांचा निरोप आला की फोटो दिसताहेत. मग सातवी, खरी मेलेली डिस्क काढली आणि राखीव डिस्क तिथे बसवली.

त्यानंतर मी दोघांनाही, डॉक्टरांना आणि सलीमला, शेजारी उभं केलं आणि बाराव्या खणाचा प्रयोग करून दाखवला. डॉक्टरांच्या एका नजरेत लक्षात आलं. सलीम अकराव्यावरच्या दिव्याकडे बघत राहिला.

"परत एकदा दाखवा," तो म्हणाला.

मी परत दाखवला. तो खुर्ची होती तरी खाली फरशीवर बसला. डॉक्टरांनी एप्रनच्या खिशातून किल्ली काढली, वाकून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, सलीमभाई." मग त्या वर गेल्या, मावशी अजून थांबल्या होत्या.

सोमवारी ऑफिसात मी जुनी आवृत्ती उघडली. आमच्या धंद्यात एकदा बरी केलेली चूक पुढच्या एखाद्या बदलाने परत उगवते, तिला रिग्रेशन म्हणतात. आमची आई म्हणाली असती, ताप उलटला. इथेही तसंच निघालं. जुन्या यंत्रांसाठी एक मिळवणाऱ्या तीन ओळी फार वर्षांपूर्वी आमचे जुने सहकारी फडके यांनी लिहिल्या होत्या. नवी आवृत्ती करताना हुशार मुलांनी सगळं घर झाडलं आणि अडगळ म्हणून त्या ओळी काढून टाकल्या. चाचण्या सगळ्या पार पडल्या, कारण चाचणीच्या खोलीत जुनं यंत्रच उरलं नव्हतं. ते भंगारात गेलं होतं.

फडके निवृत्त होऊन तळेगावला राहत होते. मी फोन करून विचारलं की त्या ओळी कशासाठी आहेत हे वर एका वाक्यात का लिहून ठेवलं नाही.

ते म्हणाले, "शुभांगी, तेव्हा सगळ्यांना माहीत होतं गं."

मला यावर चिडता आलं नाही. जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणी लिहीत नाही, आणि मग ते सगळेच एकेक करून निघून जातात.

दुरुस्ती सोपी होती. ओळी परत घातल्या, त्या का आहेत ते चांगल्या लांबलचक वाक्यांत लिहिलं, आणि जुन्या यंत्राचं सोंग घेणारी एक चाचणी जोडली, म्हणजे पुन्हा कोणी झाडू मारला तर घंटा वाजावी. खरी अडचण पुढे आली. अनिरुद्धने ग्राहकांना पाठवायचा मजकूर तयार केला होता: खणांच्या क्रमांकनात सुधारणा. आणि रुग्णालयाच्या प्रकरणावर मानवी चूक तशीच होती. मी ती बदलायला सांगितली. तो म्हणाला की दुरुस्ती तर केली, आता सगळ्यांना घाबरवून काय मिळणार, लोक यंत्राला हात लावायचे बंद होतील. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यावरही वरून प्रश्न येणार होते, आणि नवी आवृत्ती त्याच्या हाताखाली झाली होती.

मी म्हटलं, "अनिरुद्ध, त्या माणसाने तुझ्या पडद्यावर विश्वास ठेवला. आपण त्याच्यावर ठेवला नाही. ही चूक मानवी असेलच तर आपली आहे."

दुपारी मजकूर बदलून आला. त्यात सरळ लिहिलं होतं की नव्या आवृत्तीमुळे जुन्या यंत्रांवर शेजारच्या खणाचा दिवा लागतो, दुरुस्ती चढवेपर्यंत डिस्क काढू नका, आणि अशा प्रसंगात डिस्क काढणाऱ्याची चूक नव्हती. शेवटचं वाक्य त्याने स्वतःहून घातलं होतं. जुन्या यंत्रांच्या ग्राहकांना त्याने स्वतः एकेक फोनही केला.

त्या फोनांतूनच नितीनचं कळलं. मावळातल्याच एका कारखान्यात, नवी आवृत्ती चढवली त्या पहिल्या काही दिवसांत, हेच घडलं होतं. आमच्या मदत केंद्राने तिथेही मानवी चूक लिहून प्रकरण मिटवलं होतं. तिथली डिस्क परत बसवेपर्यंत उत्पादनाचं वेळापत्रक कोलमडलं आणि यंत्र सांभाळणाऱ्या नितीनला कामावरून काढलं. आमचं पत्र पोचल्यावर कारखान्याने त्याला परत बोलावलं, पण तो गेला नाही.

हे मला स्वस्थ बसू देईना. तो इंदुरीचा असल्याचं समजलं तेव्हा एका रविवारी मी पत्राची प्रत घेऊन गेले. गढीच्या पलीकडे, नदीच्या अंगाला त्याच्या वडिलांची जमीन होती. तिथे चुलतभावाचं पॉलिहाउस होतं, आता हाही त्यात काम करत होता. गुलाबाच्या रांगांतून तो कात्री घेऊन बाहेर आला. तिशीतला, कमी बोलणारा. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला, पत्र घेतलं आणि न वाचता घडी करून खिशात ठेवलं. म्हणाला, आता काय त्याचं मॅडम, इथे बरं चाललंय.

त्याचे वडील बाजूला खाटेवर बसले होते. मला वाटलं, निदान यांना तरी सांगावं. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं की आबा, तुमच्या मुलाचं काही चुकलं नव्हतं, चूक आमच्या कंपनीची होती.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला ठावं हुतं. मला कशाला सांगता बाई? त्याला सांगा. त्यो माजं आयकत न्हाई."

मी परत नितीनकडे वळले. या वेळी कंपनीची माणूस म्हणून नाही, तर एका यंत्र सांभाळणाऱ्याने दुसऱ्याला सांगावं तसं सगळं सांगितलं. फडक्यांच्या ओळी, भंगारात गेलेलं यंत्र, कधीच न लागणारा बाराव्याचा दिवा. तो उभ्या उभ्या ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मी त्या दिवशी दोनदा बघितलं होतं."

मी म्हटलं, हो.

"दोनदा. आणि मग घरी येऊन रोज म्हणत राहिलो, तिसऱ्यांदा का नाही बघितलं."

"शंभरदा बघितलं असतंस तरी शेजारचाच खण दिसला असता," मी म्हटलं. वडील खाटेवरून आमच्याकडे नाही, नदीकडे बघत होते. नितीनने खिशातलं पत्र काढलं, उलगडलं आणि सगळं वाचलं. मग वडिलांजवळ जाऊन बसला आणि हलक्या आवाजात त्यांना वाचून दाखवायला लागला. मी चहा संपवत बसले, कारण तेव्हा उठून जाणंही बरं दिसलं नसतं.

सलीम वेळेत वाचला, नितीन नाही वाचला. आमचं पत्र थोडं आधी निघालं असतं तर, किंवा मदत केंद्रातल्या कोणी पहिल्याच वेळी त्याला एक फोन करून विचारलं असतं तर, असं आजही मनात येतं.

निघताना तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. दार लावून घेतल्यावर त्याने काचेवर टकटक केली. मी काच खाली केली.

"मॅडम, आणखी एक सांगायचं होतं. तुमच्या पडद्यावर लाल आणि केशरी रंग फार जवळचे आहेत. आमच्या शिफ्टला एक जण होता, त्याला रंग नीट ओळखू यायचे नाहीत. त्याला कायम दुसऱ्याला बोलावून विचारायला लागायचं. रंगाबरोबर काही खूण पण टाका."

मी म्हटलं, नक्की टाकते. तो म्हणाला, लवकर टाका, आणि कात्री उचलून आत गेला.

पुढच्या आवृत्तीत लाल रंगाशेजारी फुली आली आणि केशरीशेजारी त्रिकोण. निवृत्त होण्याआधी मी स्वतःच्या हाताने केलेला तो जवळजवळ शेवटचा बदल. बदलाचं कारण लिहायच्या जागी मी एकच ओळ लिहिली, आणि अनिरुद्धने ती तशीच राहू दिली: यंत्र सांभाळणाऱ्याची सूचना, तपासून पाहिली, बरोबर आहे.